फुकटचा वेग, त्याचा ताप

कॉम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त जोरात पळवता येतो. त्यासाठी दुकानदाराला एक रुपयाही जास्त द्यावा लागत नाही. किंमत मोजावी लागते ती उष्णतेच्या रूपात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती जरा जास्तच पडते!

१९९८ सालच्या २४ ऑगस्टला इंटेल या अमेरिकी कंपनीने एकाच दिवशी दोन प्रोसेसर बाजारात आणले. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरमधली सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप. पहिला होता पेंटियम टू. वेग ४५० मेगाहर्ट्झ, घाऊक भाव ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए. वेग ३०० मेगाहर्ट्झ, भाव १४९ डॉलर. पहिला मोठ्या खिशाच्या गिऱ्हाइकासाठी, दुसरा हात राखून खर्च करणाऱ्यासाठी, असा कंपनीचा सरळ हिशोब होता.

तो हिशोब हौशी मंडळींनी बघता बघता उलटा करून टाकला. मदरबोर्डवरची एकच सेटिंग बदलली की १४९ डॉलरचा सेलेरॉन चक्क ४५० मेगाहर्ट्झने धावायला लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. सगळेच सेलेरॉन धावायचे असं नाही, काही अडखळायचे. पण धावणारे इतके निघाले की सेलेरॉन ३००ए हे नाव जुन्या खेळाडूंच्या तोंडी आजही ऐकू येतं. ज्यांनी त्या काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून किंवा बंगळुरूच्या एस. पी. रोडवरून सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडला असेल, त्यांना त्यातली गंमत वेगळी सांगायला नको.

या उद्योगाचं नाव ओव्हरक्लॉकिंग. गेम खेळणाऱ्या किंवा व्हिडिओ जोडत बसणाऱ्या मुलाच्या तोंडून हा शब्द आता बऱ्याच घरांत ऐकू येतो. नवा डेस्कटॉप घरात येऊन आठवडा झाला नाही तोच चिरंजीव त्याचं झाकण उघडून बसतात आणि वडिलांच्या छातीत धस्स होतं. ‘वॉरंटी आहे ना रे?’ हा पहिला प्रश्न. तो रास्तच आहे, आणि त्याचं उत्तर पुढे येईलच. आधी ही भानगड काय ते पाहू.

ठेका कोण धरतो?

प्रोसेसर ठेक्यावर काम करतो. एकेका ठोक्याला एकेक पाऊल. तबलजीने लय वाढवली की नर्तकीचे पायही तेवढ्याच झपाट्याने पडायला हवेत, तसंच. एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख ठोके. सेलेरॉनच्या जमान्यात मदरबोर्ड सेकंदाला सुमारे ६ कोटी ६६ लाख ठोके द्यायचा आणि प्रोसेसर आपल्या आत त्यांना साडेचारने गुणायचा. झाले ३० कोटी, म्हणजेच ३०० मेगाहर्ट्झ. हा साडेचाराचा गुणक कंपनीने कुलूपबंद करून ठेवला होता. त्याला कारणही होतं. कमी वेगाच्या चिपवरचा आकडा खरवडून तिथे मोठा आकडा छापायचा आणि जास्त भावाने विकायची, असा धंदा नव्वदच्या दशकात अनेक देशांत चालायचा. गुणक बदलताच आला नाही तर त्या ठगांची पंचाईत होणार, हे उघड होतं.

पण मदरबोर्डचा मूळ ठेका मोकळाच राहिला होता. तो १० कोटींवर नेला की गुणिले साडेचार, झाले ४५ कोटी! ज्या मदरबोर्डमध्ये ही सोय नव्हती तिथे काही बहाद्दर प्रोसेसरच्या पट्टीवरच्या एका विशिष्ट पिनवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावायचे, नाहीतर नेलपॉलिशचा थेंब. पिन झाकली गेली की मदरबोर्डची समजूत व्हायची, हा वेगवान प्रोसेसर आहे. बहिणीच्या नेलपॉलिशचा असाही उपयोग!

आता कोणालाही प्रश्न पडेल, की चिपमध्ये एवढा दम होता तर कंपनीने ती ४५० म्हणूनच का विकली नाही? प्रोसेसर साच्यातून काढल्यासारखे हुबेहूब सारखे निघत नाहीत. सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिपा तयार होतात, मग एकेक तपासून तिला वेगाचा शिक्का मारला जातो. त्या शिक्क्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, चिपची खरी कुवत. दुसरी, बाजाराची मागणी. स्वस्त मालाला जास्त उठाव असेल तर चांगल्या चिपांवरही कमी वेगाचा शिक्का बसतो. ३००ए त्यातलाच. शिवाय पेंटियम टूची मदतीची वेगवान मेमरी चिपबाहेर होती आणि ती निम्म्याच वेगाने चालायची. स्वस्त सेलेरॉनमध्ये ती कमी होती, फक्त १२८ किलोबाइट, पण चिपच्या पोटातच होती आणि पूर्ण वेगाने चालायची. बाहेरचं लोढणंच नाही म्हटल्यावर तो सुसाट सुटला!

कंपन्या मात्र यातून शहाण्या झाल्या. २०११ पासून इंटेलच्या घरगुती प्रोसेसरमध्ये खऱ्या अर्थाने वेग वाढवण्याची मुभा जवळपास ‘के’ हे अक्षर असलेल्या मालापुरती उरली, आणि त्या अक्षराचे वेगळे पैसे लागतात. जे लोकांनी नेलपॉलिश लावून फुकट मिळवलं, त्यालाच कंपनीने किंमत लावली. धंदा म्हणतात तो याला.

इस्त्रीपेक्षा गरम

वेग वाढला की ताप वाढणारच. प्रोसेसरमधले अब्जावधी अतिसूक्ष्म विद्युत खटके दर ठोक्याला चालू-बंद होतात आणि प्रत्येक वेळी थोडी वीज उष्णतेत जाते. ठोके दीडपट झाले की उष्णताही साधारण दीडपट. इथवर ठीक. पण खटके झपाट्याने चालावेत म्हणून पुष्कळदा व्होल्टेज वाढवावं लागतं आणि खरी मेख तिथेच आहे. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्के आणि व्होल्टेज फक्त १० टक्के वाढवलं, तर १.२ गुणिले १.२१ म्हणजे जवळपास ४५ टक्के जास्त उष्णता! गेममध्ये दिसणारा फरक पुष्कळदा याच्या पासंगालाही पुरत नाही.

ही उष्णता किती, याचा अंदाज घरातल्या इस्त्रीवरून येईल. १००० वॉटच्या इस्त्रीच्या तळव्यातून दर चौरस सेंटिमीटरला पाच-सहा वॉट उष्णता निघते. इंटेलच्या कोअर आय नाइन १४९००के या प्रोसेसरला जोरात काम करताना २५३ वॉटपर्यंत वीज घेण्याची मुभा कंपनीनेच दिलेली आहे. आतल्या सिलिकॉनच्या तुकड्याचं क्षेत्रफळ जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाहून थोडंसं मोठं. हिशोब केला तर दर चौरस सेंटिमीटरला १०० वॉटच्या आसपास. इस्त्रीच्या पंधरा पटींहून जास्त! इस्त्री तरी कपड्यावरून फिरत राहते. हे बिचारं एका जागी खिळलेलं.

पूर्वी असं नव्हतं. ऐंशीच्या दशकातले ३८६ प्रोसेसर डोक्यावर काहीही न घेता उघडेच बसायचे. १९९३ चा पहिला पेंटियम आला आणि त्याच्याबरोबर डोक्यावर पंखा घेतलेला प्रोसेसर घराघरांत पोहोचला. त्यानंतर वेगाची शर्यत इतकी पेटली की २००४ मध्ये इंटेलला ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर आणण्याचा बेतच रद्द करावा लागला. त्या ऑक्टोबरमध्ये कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत व्यासपीठावर चक्क गुडघे टेकून, अर्थात गमतीने, त्याबद्दल माफी मागितली. एकाच प्रोसेसरला आणखी पळवण्यापेक्षा एका चिपमध्ये दोन, चार, आठ प्रोसेसर बसवायचे, हा मार्ग तेव्हापासून रुळला.

चूक झाली तरी कळत नाही

वेग जास्त झाला की कॉम्प्युटर बंद पडतो, निळा पडदा येतो, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. ते परवडलं. बंद पडला की निदान कळतं तरी. खरी धास्ती वेगळीच आहे. चिप आपल्या कुवतीच्या अगदी काठावर चालत असेल तर ती मधूनच एखादं गणित चुकते आणि पुढे चालू लागते. फाइल साठवताना एखादा आकडा इकडचा तिकडे होतो. लग्नाच्या अल्बममधला एखादा फोटो महिन्यांनी उघडतच नाही, आणि त्याचा संबंध मे महिन्यात वाढवलेल्या वेगाशी असेल हे कोणाच्या मनातही येत नाही. ज्या कॉम्प्युटरवर दुकानाचे हिशोब किंवा मुलीचा पीएचडीचा प्रबंध असेल, त्याच्याशी हा खेळ नको.

हौशी लोकच कशाला, खुद्द कंपन्याही यात घसरल्या आहेत. २००० सालच्या जुलैअखेर इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री बाहेर काढला. कंपनीच्या अधिकृत वेगातच तो काही कामांत हमखास अडखळतो, हे परीक्षकांनी दाखवून दिलं आणि महिनाभरात तो परत बोलवावा लागला. दुसरा प्रसंग २००१ चा. एका कॉम्प्युटरविषयक प्रकाशनाने चालू प्रोसेसरच्या डोक्यावरचा थंडावा देणारा भाग काढून टाकण्याचा प्रयोग केला. एएमडी कंपनीच्या अॅथलॉनमधून बघता बघता धूर निघाला आणि तो मेला. पेंटियम फोर मात्र आपोआप मंदावला, पण गेम चालवत राहिला. त्याच्या पोटात तापमान ओळखणारी यंत्रणा होती. आज सगळ्याच प्रोसेसरमध्ये अशी राखण असते. ठरावीक तापमान गाठलं, बहुतेकांत ते ९५ ते १०० अंशांच्या आसपास असतं, की चिप स्वतःच वेग कमी करते. त्यामुळे आज प्रोसेसर जळून खाक होण्याची भीती फारशी उरलेली नाही. पण थंडाव्याची सोय न करता वेग वाढवणाऱ्याची गत मात्र विचित्र होते. चिप तापते, मंदावते आणि वाढवलेला वेग हवेत विरतो. हातात राहतं ते विजेचं बिल. शंभर वॉट जास्त आणि रोजचे चार तास धरले तर महिन्याला १२ युनिट.

बशीतला चहा

थंडावा द्यायचा कसा? चहा गरम असला की आपण तो बशीत ओततो. बशीत चहा पसरतो, त्याला जास्त हवा लागते आणि तो लवकर निवतो. प्रोसेसरच्या डोक्यावरचा हीटसिंक हेच करतो. अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत म्हणजे अनेक बशा. चिपची उष्णता तांब्याच्या नळ्यांतून त्या पत्र्यांपर्यंत जाते आणि पंखा ती हवेत उडवतो. पाण्याचा कूलर म्हणून जो मिळतो, त्यातही शेवटी पत्रे आणि पंखेच असतात. पाणी फक्त हमालाचं काम करतं. तेव्हा पाणी आहे म्हणून खोलीपेक्षा थंड, ही समजूत चुकीची.

चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये एक करडी पेस्ट लावतात. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांत बारीक खळगे असतात. त्यांत हवा अडकते आणि हवा ही उष्णतेची कट्टर शत्रू. पेस्ट त्या खळग्यांत भरते. मटारच्या दाण्याएवढी पुरते. तूप थापल्यासारखी थापली तर दाब पडल्यावर बाजूने बाहेर ओघळते. आणि नव्या हीटसिंकच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो सोलायला विसरू नका! ही चूक हसण्यासारखी वाटेल, पण जाणती माणसंही ती करतात आणि मग ‘नवा कॉम्प्युटर इतका तापतो कसा?’ म्हणून दुकानदाराशी भांडतात.

यानंतर येतो आपला उन्हाळा. परदेशी परीक्षणांत छापलेले तापमानाचे आकडे बहुधा २०-२२ अंशांच्या खोलीतले असतात. हीटसिंक चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त दोघांतलं अंतर आवरतो. २२ अंशांच्या खोलीत चिप ७५ वर असेल तर अंतर ५३ अंशांचं. तीच मांडणी नागपुरात मे महिन्यात, बाहेर ४५ आणि बंद खोलीत ३८ अंश असताना चालवली तर चिप ९१ अंशांवर! अहमदाबाद, हैदराबाद, ग्वाल्हेरलाही हीच कथा. म्हणून जानेवारीत वेग वाढवून ‘सगळं मस्त चाललंय’ म्हणणाऱ्याचं अभिनंदन जूनपर्यंत राखून ठेवावं.

विदर्भात घरोघर वाळ्याचे कूलर लागतात. त्याचा झोत थेट कॉम्प्युटरवर सोडण्याचा मोह होतो, पण ती हवा दमट असते आणि दमटपणा व धूळ मिळून मदरबोर्डवर चिखलाचा थर बसतो. कोकण, गोवा, मुंबई इथे खारट हवेचा त्रास निराळा. डबा भिंतीला चिकटवून किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबून ठेवू नये, हे तर कुठेही लागू. मागून निघालेली गरम हवा तोच पुन्हा आत ओढतो. दोन-तीन महिन्यांनी झाकण उघडून मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ काढावी. काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर झोताने ते भरमसाट फिरतं. आधी वीज बंद करून प्लग काढायचा, हे सांगायला नकोच. नुसत्या साफसफाईने पाच-दहा अंशांचा फरक पडल्याचं पुष्कळांना दिसतं, आणि त्याला खर्च शून्य.

कंपनीनेच पळवलेला घोडा

मग आज नवा प्रोसेसर घेणाऱ्याने वेग वाढवावा का? खरं सांगायचं तर त्यात पूर्वीचा राम राहिलेला नाही. इंटेलने २००८ मध्ये आपल्या कोअर आय सेव्हनमध्ये टर्बो बूस्ट आणलं. चिप थंड असेल, विजेची मुभा असेल, तर ती आपणहून वेग वाढवते. एएमडीचे प्रोसेसरही हेच करतात. मार्च २०२४ मध्ये आलेला आय नाइन १४९००केएस तर कारखान्यातूनच ६.२ गिगाहर्ट्झपर्यंत झेपावतो. ३००ए मध्ये ५० टक्के वेग झाकून ठेवलेला होता. आता कंपन्या तळाशी पाच टक्केही शिल्लक ठेवत नाहीत.

त्याचा फटकाही बसला. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर अचानक कोलमडू लागले. जादा व्होल्टेजमुळे चिपचीच झीज होते आहे, हे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं, मदरबोर्डसाठी सुधारित प्रोग्राम दिले आणि या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांच्या घरी या पिढ्यांचा डेस्कटॉप आहे त्यांनी मदरबोर्डचं बायोस अद्ययावत झालं आहे की नाही, एवढं दुकानदाराकडून जरूर पाहून घ्यावं. वेग वाढवण्याआधीचं काम हे आहे.

विक्रमांच्या बातम्या वाचून भुलू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्झची वेस ओलांडली, पण त्यासाठी उणे २६९ अंशांचं द्रव हीलियम ओतावं लागलं आणि तो वेग काही क्षणांचा. शंकरपटातली बैलजोडी जशी पळते, तशी ती नांगराला पळत नाही.

सध्या जाणकारांचा कल उलट्या दिशेला आहे, आणि घरासाठी तोच जास्त पटण्यासारखा आहे. वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडं कमी करायचं. वर्गाचा जो नियम वर आपल्याला छळत होता तोच इथे कामाला येतो. व्होल्टेज १० टक्के उतरलं की उष्णता १९ टक्क्यांनी उतरते. चिप थंड राहते, त्यामुळे तिचं टर्बो जास्त वेळ टिकतं आणि पुष्कळदा काम उलट लवकर होतं. एएमडीच्या नव्या रायझन प्रोसेसरमध्ये तर ‘इको’ नावाची तयार सोयच आहे. पंख्याची घरघरही कमी होते, ज्याचं मोल रात्री शेजारच्या खोलीत झोपणाऱ्यांना विचारा.

मुलगा तरीही हट्टाला पेटला तर? पेटू द्यावा, फक्त घरातल्या एकमेव कॉम्प्युटरवर नाही. जुना, बाजूला पडलेला संच त्याच्या हवाली करावा. हातातल्या फाइलींची दुसरी प्रत आधी काढून ठेवायची. वेग एकदम नव्हे, थोडा थोडा वाढवायचा आणि प्रत्येक पायरीवर प्राइम९५ सारखा प्रोग्राम काही तास चालवून तापमान बघायचं. या प्रोग्रामचा जन्म प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी झाला. पण तो प्रोसेसरला इतका राबवतो आणि गणितातली चूक इतक्या अचूक पकडतो की हौशी मंडळींनी त्याला परीक्षक म्हणून नेमून टाकलं. सेटिंग बिघडून कॉम्प्युटर सुरूच झाला नाही तर घाबरू नये. वीज काढून मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवली की बहुतेक मदरबोर्ड मूळ पदावर येतात.

आणि वडिलांच्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की वेग वाढवल्यामुळे झालेलं नुकसान कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही. ‘के’ अक्षराचे जादा पैसे मोजले असले तरी नाही! जुना प्रोसेसर किंवा वापरलेला गेमिंग संच विकत घेणाऱ्याने हे जास्तच लक्षात ठेवायला हवं. आधीच्या मालकाने तो किती ताणला होता हे चिपवर कुठेही लिहिलेलं नसतं. सौदा करण्याआधी विकणाऱ्याच्या समोरच तो अर्धा-एक तास पूर्ण जोरात चालवून बघावा. तो नाही म्हणाला, तर पैसे खिशातच राहू द्यावेत.